बर्फ मोजणाऱ्या काठीची जागा

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. पण कुणी टेकत टेकत चालावे अशी नव्हे. मी बर्फ मोजते. शाळेचे तोंड मी पाहिलेले नाही, तरी अंगावर अडीचशे सेंटिमीटरचे आकडे बाळगते आणि त्यातला एकही कधी विसरले नाही.

टिरोलच्या डोंगरातल्या ओबरकार गावी लेओनहार्टने मला लार्चच्या लाकडातून तासले, लाल-पांढरे पट्टे दिले आणि स्कीच्या उतारावर, माणसांना दोरावर वर ओढून नेणाऱ्या त्याच्या लिफ्टच्या पायथ्याशी रोवले. तो गेल्यापासून त्याची बायको सेंत्सी रोज सकाळी माझ्यापुढे उभी राहते, चष्मा पुसते, आकडा वाचते आणि लिफ्टच्या खोपटावरच्या फळ्यावर खडूने लिहिते. त्या आकड्यावर गावातल्या पाहुण्यांच्या खोल्या भरायच्या. एका हिवाळ्यात तर मी डोक्यापर्यंत बुडाले, फावड्याने उकरून काढावे लागले. एवढा मान दरीतल्या दुसऱ्या कुठल्या लाकडाला मिळाला असेल, असे मला वाटत नाही.

मग हिवाळे रोडावत गेले. नाताळात पाऊस पडू लागला. माझे वरचे पट्टे उन्हाने विटले, कारण तिथवर बर्फ येईनासा झाला. मी होता तेवढाच दाखवला. वाढवून सांगायची कला मला कुणी शिकवली नाही.

सेंत्सीच्या मुलाच्या, आलोइसच्या, डोळ्यांत मी खुपू लागले. हिवाळ्याच्या तोंडावर त्याने मला उपटले आणि गोठ्यामागच्या खोलगट जागेत नेऊन रोवले. तिथे ऊन पोचत नाही आणि वारा साऱ्या उताराचा बर्फ आणून टाकतो.

"हे काय केलंस रे?" सेंत्सीने विचारले.

"काठी तीच, आई. आकडेही तेच. म्हातारी झाली, म्हणून जरा सावलीत ठेवली."

"म्हातारी मीही झालेय. मलाही ठेव गोठ्यामागे."

पण लिफ्ट बंद पडली तर गावात पाहुणा फिरकणार नाही, हे तिलाही ठाऊक होते. बर्फ पडला तेव्हा तिने नव्वद वाचले आणि नव्वद लिहिले.

रविवारी बस भरून माणसे आली. उतारावर गवत डोके वर काढून बसले होते. कोफलर नावाचे, तीस वर्षे येत असलेले जुने पाहुणे स्की खांद्यावर टाकून परत निघाले. खोपटापाशी थांबून म्हणाले, "सेंत्सीबाई, तुमच्या फळ्यावर बर्फ छान पडतो हो."

सेंत्सीने चष्मा काढून पुसला.

मार्चमध्ये उतार पार तपकिरी झाला. माझ्या पायाशी मात्र एकशे दहा होते. सून रोझविता सासूला आणि नवऱ्याला तिथे घेऊन आली.

"बर्फ इथे टिकतो ना, मग इथेच साठवू," ती म्हणाली. "ढीग करायचा, वर आरागिरणीचा भुसा जाड पसरायचा. पलीकडच्या दरीत करतात. थंडी सुरू झाली की काढून पोरांच्या छोट्या उतारावर घालू. मोठा उतार सोडून द्यायचा."

"मोठा उतार बाबांनी केलाय," आलोइस म्हणाला.

"बाबांनी काठीही केली होती," सेंत्सी म्हणाली. "ती उपटताना आठवले नाहीत ते. हिला आधी जागेवर ने. मग भुसा आण."

त्याने मला खांद्यावर नेऊन लिफ्टच्या पायथ्याशी परत रोवले. ढिगात नवी काठी रोवली. पोर बरी आहे, पण अजून रंगाचा वास येतो तिला.

ऑक्टोबरात भुसा उकरला. तिसरा हिस्सा वितळला होता, दोन हिस्से शाबूत होते. छोट्या उताराला पुरले.

डिसेंबरात मी बारा दाखवले. सेंत्सीने खडू मुलाच्या हातात दिला.

"आई, बारा लिहिलं तर कोण येईल?"

"बारा वाचून ज्याला यायचंय तो. लिही."

त्याने बारा लिहिले. खाली लिहिले: मोठा उतार बंद, छोटा उतार साठवलेल्या बर्फावर चालू. त्या नाताळात निम्म्या खोल्या रिकाम्या राहिल्या. निम्म्या भरल्या, आणि कुणीही स्की खांद्यावर टाकून परत गेले नाही.

मित्रांनो, बर्फ पाडणे माझ्या हातात नाही. तुमच्याकडेही मोजणारे कुणी असेलच, विहिरीतली खूण असेल, धरणावरची पट्टी असेल. तिने कमी दाखवले तर खुशाल रागवा तिच्यावर. पण तिला जागेवरून हलवू नका.