कूस बदलण्याचा व्हिडिओ

रुग्णसेवेच्या वर्गात सरावासाठी रबरी बाहुला एकच होता, आणि त्याला कसंही उलथंपालथं केलं तरी तो हूं की चूं करत नसे. म्हणून वर्ग घेणाऱ्या मॅडमनी युक्ती काढली. ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे त्यांनी काम करताना फोनवर व्हिडिओ काढायचा आणि तो वर्गातल्या भिंतीवर मोठा करून सगळ्यांनी बघायचा. युक्ती खरंच चांगली होती, त्यात मॅडमचा काही दोष नाही.

सगळ्यांत गाजला तो एका सुनेचा व्हिडिओ. तिच्या सासूची उजवी बाजू आणि वाचा एकाच झटक्यात गेली होती. व्हिडिओत सून आधी तळवे चोळून गरम करते, 'आई, आता कुशीवर वळायचं हं, घाई नाही,' म्हणते आणि खांद्याखाली, कमरेखाली हात घालून सासूला अलगद वळवते. मग पाठ पुसते, पावडर लावते. मॅडम तो संथ करून दाखवत, मध्येच थांबवून हात नेमके कुठे आहेत ते समजावत. परगावी नोकरीला असलेल्या मुलाने आईचा हा व्हिडिओ पाहिला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याची काळजी मिटली.

फोन बंद झाला की सून चादर एका हिसक्यात ओढायची आणि म्हातारी पलंगालगतच्या भिंतीवर आदळायची. ओल्या कपड्यांत दुपारभर पडून राहायची. सुनेचीही बाजू आहे. सासूच्या तोंडाचा पट्टा चालू होता तेव्हा तिने सुनेला सळो की पळो करून सोडलं होतं. पण त्याचं उट्टं लुळ्या अंगावर काढायचं, याला माझ्याकडे एकही बरा शब्द नाही.

म्हातारी मुकी झाली होती, खुळी नाही. स्टुलावरच्या उशीला फोन टेकवलेला दिसला की आज आपल्याला माणसासारखा हात लागणार, हे तिने चटकन ओळखलं. मग ती मदत करायची. डावा हात आपणहून छातीवर घ्यायची, मान वळवायची, अर्ध्या तोंडाने हसायचीसुद्धा. त्या हसण्याच्या जोरावर सून वर्गात पहिली आली. एरवी म्हातारी तासन्तास फडताळावरच्या फोनकडे बोट दाखवत राहायची. हिला आता हिरॉइन व्हायचंय, असं सून शेजारणींना सांगायची आणि त्या हसायच्या.

शिक्षण संपत आलं तेव्हा पुढच्या तुकडीसाठी सगळं नीट चित्रित करायला मॅडम स्वतःच घरी आल्या. बाहेरचं माणूस एवढं जवळ येण्याची म्हातारीला ही एकच संधी होती. पण ते उबदार हात तिला सोडवेनात. पाठ पुसून होईपर्यंत ती गुणी बाळासारखी पडून राहिली.

मॅडमनी फोन पर्समध्ये टाकला आणि सुनेला सांगितलं की आता यापुढे व्हिडिओची गरज नाही, हवं ते सगळं मिळालं. तेव्हा कुठे म्हातारीने त्यांचं मनगट धरलं. घट्ट धरलं. घशातून आवाज काढत ती सुनेकडे बघत होती आणि मान हलवत होती.

"कळतंय हो आजी," मॅडम गहिवरून म्हणाल्या. "किती जीव लावलाय सुनेने तुम्हाला."

सून पुढे झाली. पेशंटची पकड न दुखवता कशी सोडवायची हे तिला शिकवलेलंच होतं. करंगळीपासून सुरुवात करून तिने एकेक बोट हलक्या हाताने उचललं.

"अगं, हे घ्यायला हवं होतं," मॅडम हळहळल्या. "पकड सोडवण्याचा एकही व्हिडिओ नाही आपल्याकडे."

"मग परत घेऊ की, मॅडम."

मॅडमनी दुसऱ्या हाताने फोन काढून चालू केला. सुनेने सासूचा हात उचलून त्यांच्या मनगटावर ठेवला, बोटं मिटवली आणि बाजूला झाली. म्हातारी छताकडे बघत होती. हात घसरून चादरीवर पडला. सुनेने पुन्हा ठेवला, तो पुन्हा पडला.

"आई, धरा ना हो," सून लाडाने म्हणाली.

मॅडमनी फोन बंद केला. आजी दमल्या असतील, झोपू दे त्यांना, असं म्हणून त्या निघाल्या, आणि जाताना आवाज होऊ नये म्हणून त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं.