शिट्टी कुणाच्या गळ्यात

आमच्या कंपनीत काम सुरू करायला ढीगभर सह्या लागतात, थांबवायला मात्र एक शिट्टी पुरते. शिट्टी नारिंगी, प्लास्टिकची, खेळण्यांच्या दुकानात मिळते तसलीच. पण ती वाजली की पंप बंद, झडपा बंद, क्रेनला लटकलेलं ओझं आहे तिथे लटकलेलं. का वाजवली ते नंतर विचारायचं. हा नियम आत्याचा, आणि कंपनीही आत्याचीच. मोठ्या जहाजांना ओढून-ढकलून धक्क्याला लावणारी एकुलती एक टगबोट तिच्याकडे होती, तेव्हापासून हा नियम चालत आलाय.

आत्याला मूलबाळ नाही, म्हणून आम्ही तिघं भाचरं तिच्या पदरात पडलो. माझं खातं विक्रीचं, म्हणजे गिऱ्हाईक आणायचं. ताईचं खातं सुरक्षेचं, म्हणजे मी आणलेलं गिऱ्हाईक पळवून लावायचं. धाकट्याचं पर्यावरणाचं. त्याला सगळे झाडोबा म्हणतात. तो ऑफिसात शिरला की लोक प्रिंटरवरून हात काढून घेतात.

त्या वर्षी आत्याने एक नवी इंधनबोट घेतली होती. जहाजांना डिझेलऐवजी मिथेनॉल भरायचं, तेही शेतातल्या काडीकचऱ्यापासून बनवलेलं. डोकं झाडोबाचं, हट्ट आत्याचा आणि गिऱ्हाईक शोधायची कटकट माझी. दोन वर्षं मी प्रवासी बोटी चालवणाऱ्या एका फेरी कंपनीच्या संचालकसाहेबांच्या मागे फिरत होतो. त्यांची नवी फेरीबोट याच इंधनावर चालणार होती. ही ऑर्डर मिळाली तर गंगेत घोडं न्हालं. नाही मिळाली तर इंधनबोट विकायची, तिच्यावरची माणसं घरी पाठवायची आणि आम्ही पुन्हा जुन्या टगबोटींचा धूर खात बसायचं.

आणि अशा वेळी ताई म्हणाली, "फेरीबोट भरायच्या चाचणीआधी माझ्या माणसांना आणखी पंधरा दिवस सराव हवाय."

"पंधरा दिवसांत साहेब दुसऱ्याकडे जातील!" मी म्हणालो.

"जाऊ दे. जिवंत तरी राहतील."

"दादा, तू साहेबांना 'शंभर टक्के स्वच्छ' असं सांगितलंस का?" झाडोबाने मध्येच तोंड घातलं. "तसं म्हणायचं नाही. ते कारखान्यातून इथवर ट्रकने येतं. ट्रकचा धूर धरला तर—"

"तुझ्या ट्रकच्या आयला!" मी ओरडलो.

आत्या चष्मा पुसत होती. तिचा आवाज कधी चढत नाही, म्हणूनच भीती वाटते. "तुमच्या हाती हे सगळं सोपवून घरी जाईन म्हणते," ती म्हणाली, "पण तुम्ही एका होडीत बसून तीन दिशांना वल्ही मारताय. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. उद्यापासून तू सुरक्षेच्या खुर्चीवर बस. आणि ताई, तू विक्रीच्या. चाचणी होईपर्यंत."

"आणि मी?" झाडोबाने विचारलं.

"तू आहेस तिथेच राहा. तुझं खातं घ्यायला कोणी तयार नाही."

ताईने गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्या गळ्यात घातली. जाता जाता एवढंच म्हणाली, "एक लक्षात ठेव. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. आधी माणूस नाचताना दिसतो, मग कळतं की पेटलाय."

पहिल्या दिवशी मी शिट्टी मिरवली. दुसऱ्या दिवशी मला झोप लागेना. जिकडे बघावं तिकडे धोका. जिन्यावर सांडलेलं पाणी, सैल झालेला दोर, कानात गाणी घालून फोर्कलिफ्ट चालवणारा तो महाभाग. मी वाजवत सुटलो. दुपारपर्यंत धक्क्यावरचे लोक मला बघून आपणहून थांबायला लागले. घरी गेलो तर बायको डुगडुगत्या स्टुलावर चढून दिवा बदलत होती. मी फुंकली. ती दचकली, पण पडली नाही. खाली उतरली, माझ्या गळ्यातून शिट्टी काढली आणि फ्रीजरमध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी ती गारठलेली शिट्टी माझ्या ओठांना चिकटली.

ताईचं तर विचारूच नका. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून मी 'नाही'शिवाय शब्द ऐकला नव्हता. आता माझ्या गुबगुबीत खुर्चीत ती गोल फिरत होती, आणि आत दाबून ठेवलेले सगळे 'हो' एकदम बाहेर पडत होते.

"हो साहेब, होऊन जाईल! फोटोग्राफर? आणा ना! पाहुणे? जरूर! अहो, आपलाच धक्का आहे!"

"ताई," मी दारातून म्हणालो, "पाहुणे किती?"

"तू फार किरकिर करतोस हं," ती म्हणाली.

हे माझं वाक्य होतं. मी तिला वर्षानुवर्षं ऐकवत आलो होतो. ते असं कानाखाली वाजेल असं वाटलं नव्हतं.

पंधरा दिवसांचा सराव मात्र मी चार दिवसांत रगडून घेतला. माणसं दमली, मला शिव्या घातल्या, पण पाइप जोडणं, सोडणं, झडप बंद करणं, सगळं झोपेतही येईल असं झालं. ताई खिडकीतून बघायची. एकदा मला वाटलं, तिला तिच्या जागी परत यावंसं वाटतंय. पण तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती "हो हो हो!" करत पळाली.

चाचणीच्या सकाळी लख्ख ऊन होतं. फेरीबोट पांढरीशुभ्र, शेजारी आमची हिरवी इंधनबोट, दोघींमध्ये जाडजूड पाइप. धक्क्यावर ताईनेच केव्हातरी आखलेली जाड पिवळी रेघ. रेघेच्या आत फक्त काम करणारी माणसं, आणि फोन तर कुणाचाच नाही, एक ठिणगी पुरते. सगळ्यांचे फोन अलीकडच्या पेटीत. फोटोग्राफरही रेघेबाहेर उभा राहून मान लांब करत होता. आत्या डोक्यावर हेल्मेट घालून एका कोपऱ्यात उभी होती, शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरीसारखी.

संचालकसाहेब आले. माणूस भारदस्त, हस्तांदोलन असं की बोटं मोजून घ्यावीत. बरोबर फेरीबोटीची कॅप्टन, एक शांत बाई, जी आल्यापासून काहीच बोलली नव्हती. साहेबांनी फोन पेटीत टाकला. मग झाडोबाला बाजूला घेऊन विचारलं, "यात थोडं साधं, गॅसपासून बनवलेलं मिथेनॉल मिसळलं तर स्वस्त पडेल ना? कोण बघतंय!"

झाडोबाचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्याला तान्ह्या बाळाच्या दुधात पाणी घालायला सांगितलंय. "मी बघतोय ना, साहेब," तो म्हणाला. मी मनात म्हटलं, गेली ऑर्डर. पण साहेब हसले आणि पुढे गेले. हुश्श!

पंप सुरू झाला. पाइप थरथरला. इंधन निघालं! खरंच निघालं! दोन वर्षं मी ज्याच्या बाता मारत होतो ते माझ्या डोळ्यांसमोर एका बोटीतून दुसऱ्या बोटीत जात होतं. मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. आत्या तर टाळ्या वाजवत होती.

आणि त्या आनंदात साहेबांनी कोटाच्या आतल्या खिशातून दुसरा फोन काढला.

"आमच्या मालकांना लाइव्ह दाखवतो," ते म्हणाले. "जरा जवळून."

ताई म्हणाली, "या ना साहेब. दोन मिनिटांचं तर काम!" आणि स्वतः त्यांचा हात धरून, पिवळी रेघ ओलांडून, त्यांना पाइपाच्या जोडापाशी घेऊन निघाली. ताई! जिने ती रेघ आखली ती!

मी आत्याकडे पाहिलं. तिच्या टाळ्या थांबल्या होत्या. शिट्टी माझ्या गळ्यात होती.

खरं सांगतो, माझ्या मनात आलं की जाऊ दे. दोनच मिनिटं. जोड घट्ट आहे, वास मोजणारं यंत्र गप्प आहे, कशाला हातातोंडाशी आलेला घास घालवायचा? दोन वर्षं ज्या माणसाच्या विनोदांवर खोटं हसलो, त्याच्याच अंगावर शिट्टी फुंकायची? आणि मग मला तो उन्हात नाचणारा माणूस दिसला. त्याच्या अंगावर साहेबांचा कोट होता. शेजारी ताई होती.

मी फुंकली. अशी फुंकली की पलीकडच्या गोदामावरची कबुतरं उडाली.

पंप थांबला. झडप खट्कन बंद. साहेब एवढे दचकले की फोन हातातून उडाला, धक्क्याच्या काठावर एकदा आपटला आणि डुबुक करून पाण्यात गेला. त्यांच्या मालकांनी लाइव्ह काय पाहिलं असेल? आधी आभाळ, मग साहेबांच्या नाकपुड्या, मग मासे.

"मी कोण आहे, माहीत आहे ना?" साहेब गरजले.

"माहीत आहे, साहेब. दोन वर्षं तुमच्याच मागे फिरतोय," मी म्हणालो. "म्हणून तर तुम्ही धडधाकट हवे आहात. सही कोण करणार? कृपा करून रेघेच्या बाहेर या. आता सगळी तपासणी पहिल्यापासून."

"म्हणजे किती वेळ?"

"लागेल तेवढा."

ताईने खाली आपल्या बुटांकडे पाहिलं, मग मागे रेघेकडे. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, आणि एकेक पाऊल मागे येत रेघेबाहेर जाऊन उभी राहिली. साहेब थांबले नाहीत. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मागे उरलेल्या कॅप्टनबाईंनी तपासणी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, टाकी भरून घेतली, मान हलवली आणि बोट घेऊन गेल्या.

दुपारी ऑफिसात आम्ही तिघं एका टेबलाशी बसलो. कोणी कोणावर ओरडत नव्हतं, हेच भयंकर होतं.

"चूक माझी," ताई म्हणाली. "तो माणूस 'वा वा' म्हणत होता रे. मला आजवर कोणी वा वा म्हटलं नव्हतं."

मी तिला माझ्या वाटणीची बिस्किटं दिली. झाडोबा म्हणाला, "बोट विकायची झाली तर निदान मिथेनॉलच भरणाऱ्याला विकू." आम्ही दोघांनी एकदम त्याला "गप रे" म्हटलं. कितीतरी वर्षांत आमचं दोघांचं एकमत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टनबाई स्वतः आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत.

"ऑर्डर तुमची," त्या म्हणाल्या.

मी उडालो. ताईने मला धरलं, की मी ताईला, आठवत नाही. झाडोबाने आनंदाच्या भरात दिवसाढवळ्या दिवा लावला.

"पण साहेब तर..." मी म्हणालो.

"साहेब अजून चिडलेलेच आहेत. त्यांना मी एवढंच सांगितलं, 'साहेब, ते इंधन तुमच्या खुर्चीखाली नसणार, माझ्या प्रवाशांच्या पायाखाली असणार आहे. मला असा माणूस हवा जो तुमच्यावरही शिट्टी फुंकतो. नाहीतर ही बोट दुसऱ्या कुणाला चालवायला द्या.'" मग त्या माझ्याकडे वळल्या. "एकच अट आहे. दर वेळी भरताना शिट्टी यांच्याच गळ्यात हवी. दुसऱ्या कुणाच्या नाही."

"अहो, पण मी विक्रीतला!" मी ओरडलो. "ही तर बदलीची खुर्ची! माझी खरी खुर्ची..."

ताई माझ्या खऱ्या खुर्चीकडे बघत होती. गुबगुबीत, गोल फिरणारी. "होऊन जाईल," ती म्हणाली.

म्हणजे आयुष्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर मी आणली आणि त्याच ऑर्डरीने माझी खुर्ची खाल्ली. हसावं की रडावं कळेना, म्हणून मी हसलो.

करारानंतरच्या पहिल्या भरणीला सगळे हजर होते. संचालकसाहेबांनी पेटीत एक फोन टाकला. माझ्याकडे पाहिलं. दुसरा टाकला. मी पाहतच राहिलो, तेव्हा तिसराही निघाला. ताई रेघेपासून हातभर लांब उभी होती आणि तिथूनच साहेबांना पुढच्या दोन बोटींबद्दल पटवत होती. पंप सुरू झाला, पाइप थरथरला. आणि आत्या, आमची आत्या, टाचा उंचावून बघता बघता नीट दिसेना म्हणून पुढे सरकली. तिचा उजवा बूट अख्खा पिवळ्या रेघेच्या आत.

मी कोणाचीही वाट पाहिली नाही. फुंकली.

पंप थांबला. कंपनीच्या मालकिणीवर, तिच्याच धक्क्यावर, तिच्याच शिट्टीने! ताईने तोंडावर हात ठेवला. आत्याने बुटाकडे पाहिलं, पाय मागे घेतला आणि मान वर केली. तिला एवढं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तिने डोक्यावरचं हेल्मेट काढलं, ताईच्या हातात दिलं, झाडोबाच्या पाठीवर थाप मारली आणि फाटकाकडे चालू लागली.

"आत्या, कुठे निघालीस?" मी हाक मारली.

"घरी," ती मागे न वळता म्हणाली. "तुम्ही तपासणी पहिल्यापासून करा."