सात पाचे पस्तीस

ताईचा नवरा आणि ताईचा धाकटा भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि दोघांची दुकानं एकाच भिंतीला पाठ लावून उभी होती. नवरा एक्सलवाला, भाऊ गिअरवाला. म्हणजे गाडीचं पुढचं दुखणं भावाकडे, मागचं नवऱ्याकडे आणि मधलं सगळं ताईकडे.

भांडणाचं कारण एक आवाज होता. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत चालताना गुणगुण यायची. एक्सलवाला म्हणाला, गिअरबॉक्समधून येते. गिअरवाला म्हणाला, मागून येते. गिऱ्हाइकाने दोन महिने वाट पाहिली, गाडी विकली आणि तो सुखी झाला. हे दोघे तत्त्वाला धरून राहिले. जेवताना एक म्हणायचा, "तुझ्या भावाला सांग, मीठ सरकव." दुसरा म्हणायचा, "तुझ्या नवऱ्याला सांग, त्यांच्या कोपराशीच आहे." ताई मीठ सरकवायची. अकरा वर्षांत तिने सरकवलेल्या मिठात एखादं दुकान चाललं असतं.

ताईचा धंदा लोकांचं घरसामान हलवण्याचा. कपाटं, पलंग, पियानो, एकदा तर एक रुसलेले आजोबा, खुर्चीसकट. त्यासाठी तिच्याकडे वडिलांचा ट्रक होता. गोल नाकाचा, तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. त्याच्याच स्टिअरिंगला लोंबकळून ती गाडी शिकली होती. चढावर तो बैलासारखा जायचा आणि सपाटीवरही बैलासारखाच जायचा. पंचावन्नच्या वर काटा हलत नसे. नव्या रस्त्यावर मागून ट्रॅक्टरवाले हॉर्न द्यायला लागले, तेव्हा ताईला पहिल्यांदा वय झाल्यासारखं वाटलं.

अशात वाहन तपासणी कचेरीचा कागद आला. पन्नास वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांनी महिनाअखेरच्या आत चढाची परीक्षा द्यायची. पास झाली तर रस्त्यावर, नाही तर भंगारात. फेरविचाराचा अर्ज कुठे करायचा, ते कागदात दिलं नव्हतं, कारण फेरविचार नव्हता.

ताईने दोघांना एकाच टेबलाशी बसवलं. "परीक्षा पास झालीच पाहिजे. पण गाडी उघडतोच आहोत, तर जरा पळेल असंही करा. आणि अजून एक. आजपासून माझं टपाल बंद. काय बोलायचं ते एकमेकांशी बोला."

दोघांनी मान हलवली. दोघेही बोलले नाहीत.

गिअरवाला सकाळी काम करायचा, एक्सलवाला दुपारनंतर. एकमेकांच्या कामाकडे बघायचं नाही, हा जुना नियम होता आणि तो काटेकोर पाळला गेला. एक्सलवाला ट्रकखाली शिरला की गिअरबॉक्सकडे पाठ करून झोपायचा. मानेला लचक भरली, तरी त्याने कूस बदलली नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी ताईने रिकामा ट्रक सपाट रस्त्यावर काढला. काटा पंच्याऐंशीला टेकला. तिने एका ट्रॅक्टरला मागे टाकलं आणि त्याला हॉर्नही दिला. सपाटीवर सगळेच शूर.

कचेरीच्या मागे सिमेंटचा चढ होता, शंभरेक पावलांचा, आणि असा उभा की चालणारा माणूससुद्धा मध्ये थांबून मागचा कोणी ओळखीचा आहे का बघायचा. चढाच्या पायथ्याशी इन्स्पेक्टरांचं टेबल होतं. टेबलावर वही, शिक्का आणि एक वीतभर लाकडी पट्टी. नियम सोपा होता. चार टन वाळूची पोती भरायची, चढाच्या मध्यावरच्या पांढऱ्या रेषेवर थांबायचं, एक मिनिट उभं राहायचं, मग पुन्हा निघायचं. निघताना गाडी वीतभराहून जास्त मागे सरली तर नापास. मागच्या चाकांजवळ गाडीवाल्याचीच दोन माणसं ठोकळे घेऊन उभी राहतात. डावीकडे एक्सलवाला, उजवीकडे गिअरवाला. मध्ये ट्रकची रुंदी होती, म्हणजे नेहमीपेक्षा दोघं जवळच.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी अकरा वाजता ट्रक रेषेपर्यंत गेला. पायथ्याशी घेतलेल्या वेगानेच त्याला तिथवर नेलं, हे नंतर कळलं. ताईने ब्रेक दाबला. एक मिनिट झालं. इन्स्पेक्टरांनी खालून हात केला.

तिने पहिला गिअर टाकला, क्लच सोडत आणला, ॲक्सिलरेटर दिला. इंजिन गुरगुरलं, थरथरलं, खाली बसलं आणि बंद पडलं.

ट्रक मागे सरला. ताईने दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले, हँडब्रेक खेचला. इंजिन बंद पडलं की ब्रेकची अर्धी ताकद जाते आणि पायाची तेवढी उरते. गाडी थांबली, पण पूर्ण नाही. दर दोन-तीन सेकंदांनी टायरखालून कट्ट असा आवाज यायचा आणि चार टन वाळू बोटभर खाली यायची. मागे उतार, उतारावर काही नाही, उताराखाली टेबल, टेबलामागे परीक्षेला आलेल्या नऊ गाड्या आणि त्यांच्या भोवती चहा पिणारी माणसं.

ठोकळे एकाच वेळी लावायला हवेत, हे दोघांनाही ठाऊक होतं. एकाच बाजूने लावला की सगळा भार त्या एका ठोकळ्यावर येतो आणि तो साबणासारखा उडतो, बहुधा लावणाऱ्याच्या नडगीवर. म्हणजे कुणीतरी 'आता' म्हणायला हवं होतं.

कट्ट.

एक्सलवाला वाकून बसला होता, ठोकळा टायरपासून दोन बोटांवर. गिअरवालाही तसाच. चाकांमधून दोघांना एकमेकांचे डोळे दिसत होते.

"ताई," गिअरवाला ओरडला, "तुझ्या नवऱ्याला सांग..."

ताई केबिनमध्ये होती. काचा वर होत्या. दोन्ही पाय अजून ब्रेकवर होते.

कट्ट. कट्ट.

"भावजी," गिअरवाला म्हणाला. आवाज करकरला, अकरा वर्षं न उघडलेल्या खिडकीसारखा. "भावजी, तीन म्हटलं की. एक, दोन..."

"तीन," एक्सलवाला म्हणाला.

ट्रक ठोकळ्यांवर बसला आणि शांत झाला.

इन्स्पेक्टर पट्टी घेऊन वर आले. मोजायची गरज नव्हती, तरी त्यांनी मोजलं. "सव्वादोन हात," ते म्हणाले. त्यांचा 'नापास' म्हणण्याचा सूर आणि 'बसा' म्हणण्याचा सूर एकच होता. "बाई, शेवटची नोंद चार वाजता. तोपर्यंत परत यायची मुभा आहे. पण याच गाडीने, याच वाळूसकट."

हळूहळू ब्रेक सोडत, ठोकळे मागे मागे घेत त्यांनी ट्रक खाली आणला. ताई उतरली.

"काय केलंत तुम्ही?" तिने दोघांना विचारलं.

"पाच गिअरचा बॉक्स टाकला," भाऊ म्हणाला. "वरचा गिअर पळायला. पहिला जरा हलका आहे, पाच फेऱ्यांचा. जुना सात फेऱ्यांचा होता. पण मागे सात आहे ना, मग चढाला काय धाड भरली?"

कुणी काही विचारायच्या आधीच एक्सलवाल्याने खाली बघितलं. "मागे सात नाही," तो म्हणाला. "पाच टाकला. पळायला. पुढे सात आहे ना, म्हटलं, चढाला पुरेल."

इन्स्पेक्टरांनी वहीच्या कडेला पेन्सिल टेकवली. "आधी सात साते एकोणपन्नास. इंजिनाचे एकोणपन्नास फेरे, चाकाचा एक. जोर भरपूर, पळ नाही. आता पाच पाचे पंचवीस. पळ भरपूर, जोर निम्मा." त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "कुणी एकानेच हात लावला असता, तर सात पाचे पस्तीस. पळालीही असती आणि चढलीही असती. पस्तीसला माझ्याकडे बरेच जण पास होतात."

मग ते चहा प्यायला गेले.

आता दोघांपैकी एकाचं काम काढून जुनं परत बसवायचं होतं. ताईने 'कुणाचं' असं विचारलं नाही. ती ट्रकच्या पायरीवर बसली आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत राहिली. अकरा चाळीस.

गिअरबॉक्स काढून घालायचा तर दीड दिवस. मागच्या क्राऊन आणि पिनियन या दातेरी चाकांची जोडी लोखंडी खोक्यासकट, म्हणजे सगळा गोळाच, बदलायचा तर तीन तास, सगळं नीट झालं तर. हे दोघांना कळत होतं. गिअरवाल्याला तर ते सांगायचीही सोय नव्हती. सांगितलं असतं तर ते 'चूक तुमची' असं ऐकू गेलं असतं. तो गप्प राहिला, आणि या खेपेला रागाने नाही.

अकरा पंचेचाळीसला एक्सलवाल्याने बाही वर केली. "जुना गोळा माझ्या दुकानात आहे," तो म्हणाला. "बाकाखाली, गोणपाटात. आण." कुणाला म्हणाला, ते सांगायची गरज नव्हती. गिअरवाला टेम्पो शोधायला पळाला.

तो परत येईपर्यंत एक्सलवाल्याने चाकांच्या मधल्या दांड्या ओढून काढल्या होत्या. तेल सिमेंटवर पसरलं होतं. जुना गोळा सत्तर किलोचा. दुकानात त्याच्यासाठी जॅक होता, इथे दोन माणसं होती. दोघं ट्रकखाली उताणे झोपले, कानाला कान लागेल असे, आणि तो गोळा त्यांच्या छातीवर.

"माझ्याकडे झुकतोय," एक्सलवाला म्हणाला.

"धरलाय."

"धरला असता तर झुकला नसता."

"भावजी, बोट काढा तिथून. भोकात घालायचा आहे तो बोल्ट, तुमचं बोट नाही."

वर पायरीवर बसलेल्या ताईला हे सगळं पायाखालून ऐकू येत होतं. तिने मध्ये तोंड घातलं नाही. मधे एकदा काहीतरी लोखंडी पडलं, कुणीतरी 'आई गं' म्हणालं आणि मग इतका वेळ शांतता पसरली की तिने वाकून पाहिलं. भाऊ तिच्या नवऱ्याच्या अंगठ्याला फडकं गुंडाळत होता.

"बघतेस काय," नवरा म्हणाला. "वाजले किती ते सांग."

"तीन पाच."

तीन चाळीसला शेवटचा बोल्ट आवळला. तीन पन्नासला ट्रक पुन्हा पायथ्याशी उभा राहिला. क्लचला जळका वास येत होता. क्लच अजून एकदा तरी धरेल की नाही, हे दोघांनाही सांगता येत नव्हतं, आणि ताईने विचारलं नाही. तिने फक्त दोन्ही काचा पूर्ण खाली केल्या.

रेषा आली. ब्रेक. एक मिनिट. ठोकळे दोन्ही बाजूंनी दोन बोटांवर.

"ठोकळ्याने उडी मारली तर हात काढ," एक्सलवाला चाकांमधून म्हणाला.

"तुम्ही आधी काढा. तुमचा अंगठा गेलाय."

खालून हात झाला. ताईने क्लच अगदी कागदाएवढा सोडला. इंजिनाचा सूर खाली गेला, आणखी खाली गेला. ट्रक मागे सरला, आठ बोटं. दोघांनी ठोकळे तेवढेच मागे घेतले, पण लावले नाहीत. लावले तर परीक्षाच संपली. दहा बोटं. मग सूर तिथेच थांबला, जसा ओझं उचललेल्या माणसाचा श्वास थांबतो, आणि चाकं वर जाऊ लागली.

इन्स्पेक्टरांनी रेषेपाशी पट्टी ठेवली. ट्रक वीतभराच्या आतच अडला होता, पण फार आत नाही. ते खाली येऊन खुर्चीत बसले, वही उघडली. चार वाजायला तीन मिनिटं होती.

"चढ, ठीक. ब्रेक, ठीक," ते लिहीत म्हणाले. मग पेन थांबलं. "गाडी वर जाताना एक गुणगुण येत होती. इथे रकाना आहे. आवाज कुठून येतो, त्या भागाचं नाव लिहावं लागतं. गिअरबॉक्स की एक्सल? वाद असेल तर गाडी तज्ज्ञाकडे जाते. तज्ज्ञ पुढच्या महिन्यात येतात."

पुढचा महिना म्हणजे भंगार. ताईच्या दोन्ही बाजूंना एकेक तज्ज्ञ उभा होता. दोघांनी तो आवाज ऐकला होता, दोघांनाही अगदी पक्कं ठाऊक होतं की तो कुठून येतो, आणि दोघांनी तोंड उघडायला श्वास घेतलाही होता.

"जुना आहे तो," ताई म्हणाली. "माझ्या वडिलांच्या वेळचा."

वडिलांच्या वेळी त्या ट्रकमधून असला आवाज कधीच येत नव्हता. हे तिथल्या तिघांनाही माहीत होतं. इन्स्पेक्टरांनी चष्म्यावरून आधी एक्सलवाल्याकडे पाहिलं, मग गिअरवाल्याकडे.

दोघेही गप्प राहिले. अकरा वर्षांच्या सरावाचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

"वंशपरंपरागत," इन्स्पेक्टरांनी रकान्यात लिहिलं आणि शिक्का मारला.

वाळू उतरवून परतताना तिघं केबिनमध्ये बसले, अंगठा गुंडाळलेला माणूस मधोमध. सपाट रस्ता लागला तसा ताईने पाचवा टाकला. काटा साठ, पासष्ट, सत्तर. गुणगुण सुरू झाली, बारीक आणि एकसारखी.

"साठच्या वर गेली की आवाज येतो," एक्सलवाला शेवटी म्हणाला.

"चढावर पण आला होता," गिअरवाला म्हणाला.

"हं."

ताई आरशात बघत राहिली. मागे एक ट्रॅक्टर बारीक बारीक होत चालला होता.