सात नंबरची हजेरी

रसेलनं बापाचा ट्रॅक्टर न विचारता विकला, तेव्हापासून थेल्मानं त्याच्याशी अबोला धरला होता. फोन त्यानंच करावा, हा तिचा हेका. तोही तिचाच मुलगा. त्यानं केला नाही. पण दर सोमवारी दुपारी काउंटीच्या अग्निशमन दलाच्या सगळ्या गाड्या रेडिओवर हजेरी देत, आणि थेल्मा स्वयंपाकघरात, असलं रेडिओवरचं बोलणं पकडून ऐकवणाऱ्या स्कॅनरला कान लावून सात नंबरची वाट बघे. सात नंबर म्हणजे रसेल. बाकीचे, आवाज नीट येतोय एवढं कळवायला, "स्पष्ट" म्हणून मोकळे होत. हा त्याशिवाय नदीकाठच्या रस्त्याची खबरही देई. तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा.

मग काउंटीनं नवी रेडिओ यंत्रणा आणली आणि थेल्माचा स्कॅनर मुका झाला. तिला घर खायला उठलं.

शेजारचा ऑर्विल नवा स्कॅनर घेऊन आला. हयातभर न्हावीकाम केलेला माणूस, पण रेडिओचं भलतं वेड. जुन्या सवयीनं त्यानं सगळ्या फ्रीक्वेन्सी एकेक करून भरल्या. हजेरी सुरू झाली. "चार नंबर, स्प—" आणि पुढे कुणी कचरागाडीवाला जेवणाबद्दल बोलू लागला. सात नंबर कुठे गेला, कळलंच नाही.

"हा काय गोंधळ घातलायस?" थेल्मा कडाडली. "मला माझा मुलगा हवाय, कचरेवाल्याचं सँडविच नको!"

पुढच्या सोमवारी ऑर्विल ओशाळून आला. "चूक माझी गं. आता कुणाला ठरलेली फ्रीक्वेन्सीच नसते. यंत्रणा मोकळी असेल ती देते, प्रत्येक वेळी वेगळी. कुणाला कुठली दिली, ते एका चॅनलवर सारखं सांगत असते. तो चॅनल आणि अग्निशमनचा गट क्रमांक भरला, की स्कॅनर आपणहून त्यांच्या मागे धावतो."

"मग धावू दे की लवकर! कॉफी नंतर पी."

ऑर्विलनं आकडे भरले आणि हजेरी ऐकू येऊ लागली. "सात नंबर?" कंट्रोल रूममधल्या बाईनं पुकारलं.

"स्पष्ट. नदीकाठच्या रस्त्यावर बर्फ गोठलाय. कामाशिवाय बाहेर पडू नये." आवाज बसलेला होता. सर्दी झालीय, थेल्मानं ओळखलं.

बाई हसली. "रसेल, त्या रस्त्याचं दर वेळी कुणाला सांगतोस रे?"

"आईला. तिकडे राहते. स्कॅनरवर ऐकायची."

"अरे बाबा, नव्या यंत्रणेवर जुने स्कॅनर चालत नाहीत."

"माहीत आहे," तो म्हणाला. "सवय राहिलीय."

थेल्मानं स्कॅनर दोन्ही हातांत घट्ट धरला. "येतंय रे राजा. ऐकू येतंय."

"थेल्मा," ऑर्विल हळूच म्हणाला, "याच्यातून बोलता येत नाही."

"कळतं मला." तिनं डोळे पुसले आणि भिंतीवरचा फोन उचलला. नंबर तिला तोंडपाठ होता.