अ‍ॅम्पची डावी बाजू

वस्ताद अ‍ॅम्प कानाने नाही, हाताने निवडायचा. साउंडच्या, म्हणजे कार्यक्रमांना स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायर पुरवायच्या धंद्यात त्याचं नाव होतं, पण ही खोड जन्माची. दुकानात शिरला की आधी अ‍ॅम्प उचलून बघणार. हात खांद्यातून निखळतोय असं वाटलं, तर माल अस्सल. बेसच्या स्पीकर-पेट्यांना ताकद लागते, ताकद ट्रान्सफॉर्मरमधून येते, आणि ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड. हलका अ‍ॅम्प त्याच्या मते नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

असाच त्याचा एक अस्सल अ‍ॅम्प तालमीत धूर सोडून गेला आणि शनिवारी तर मोठ्या सभागृहात कार्यक्रम. त्यात मेहुण्याने सांगून टाकलं होतं, एवढा कार्यक्रम झाला की मी थांबतो. गुडघा गेलाय, डॉक्टरांनी ओझं उचलायला साफ मनाई केलीय. बायकोचा हा धाकटा भाऊ वस्तादच्या लग्नापासून त्याच्याबरोबर सामान वाहत आलेला. उचलायला माणसं मिळतील हो, पण नजरेवरून वायर ओळखून हातात देणारा कुठून आणायचा? पण ते तोंडाने कबूल करील तर तो वस्ताद कसला. "एवढ्यात दमलास?" इतकंच तो म्हणाला होता.

दुकानदाराने दोन अ‍ॅम्प काढले. एक जुन्या घडणीचा, जड. दुसरा नवा, एका हाताने उचलावा असा. दोन्हींचे वॉट पेट्यांना पुरून थोडे उरतील एवढे होते. तेवढे हवेतच, कारण अपुऱ्या अ‍ॅम्पला रेटलं की आवाज फाटतो आणि पेटीतली कॉइल जळते. दुकानदाराने नव्यावर ढोलाचं रेकॉर्डिंग वाजवून दाखवलं, तर वस्ताद म्हणाला, धपाटा कोणीही घालतो, लांब सूर लाव. दुकानदाराने बेसच्या चार पेट्या जोडून लांब, खोल सूर लावला. नव्या अ‍ॅम्पने तो शेवटपर्यंत धरून ठेवला, तसूभर खचला नाही. वस्तादने ऐकलं, मान हलवली आणि बोट जड अ‍ॅम्पकडे दाखवलं. जित्याची खोड, दुसरं काय.

दुकानदार म्हणाला, जळलेला जुना घेऊन या, बदल्यात काहीतरी कमी करतो. जुना अ‍ॅम्प टेम्पोत होता. टेम्पो भिंतीला चिकटून उभा, त्या फटीत दुखरा गुडघा वाकवून मेहुण्याला त्याच्या नेहमीच्या डाव्या बाजूला जाताच येईना. मग वस्ताद तिकडे शिरला. एक, दोन, तीन म्हणून उचलला मात्र, त्याचे डोळेच पांढरे झाले. कसाबसा त्याने तो खाली टेकवला.

"हे असं कधीपासून?"

"पहिल्यापासून," मेहुणा म्हणाला. "ट्रान्सफॉर्मर डावीकडेच आहे ना, भाऊजी. तुमची पाठ तेव्हाही दुखायची. ताई म्हणाली होती, यांना जपून उचलू दे."

वस्ताद टेम्पोच्या कडेवर बसला. इतकी वर्षं आपण दुकानात वजनाच्या बढाया मारल्या, कामावर मात्र हलकी उजवी बाजू धरली आणि खरं वजन या पोराने मुकाट्याने वाहिलं. त्याला स्वतःचाच राग आला.

"माझी पाठ ताठ राहिली ती तुझ्या गुडघ्यावर," तो म्हणाला. "फार मोठे उपकार आहेत रे तुझे. मी हे आधीच बोलायला हवं होतं."

मेहुणा ओशाळून टेम्पोतली दोरी गुंडाळू लागला. वस्तादने आत जाऊन हलका अ‍ॅम्प बांधायला सांगितला, तेव्हा तो मागोमाग लंगडत आला. माझ्यासाठी नको, आवाजाचं बघा, म्हणाला. आवाज मघाशीच पटला होता, वस्ताद म्हणाला, आडवा आला तो नुसता हट्ट. पेट्यांना माणसं मिळतील, आणि आता हे ओझं उरलं नाही, तर थांबतोस कशाला?

शनिवारी बेस असा लागला की सभागृहाच्या खुर्च्या हलल्या. सामान आवरताना मेहुणा सवयीने अ‍ॅम्पच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. एकट्याने सहज उचलला जाणारा अ‍ॅम्प तो, पण वस्तादने त्याला हाताने उजवीकडे सरकवलं आणि डावी कडी स्वतः धरली.

"धर," तो म्हणाला. "एक, दोन, तीन."