रिंगेच्या आतला पापुद्रा

मालक घरी येणार म्हटल्यावर मी बायकोला आधी बजावलं, की आज स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही.

एकवीस वर्षं मी त्यांच्या बारमध्ये तळणीवर उभा होतो. बिअरच्या पिठातल्या माझ्या कांद्याच्या रिंगा खायला माणसं लांबून यायची. मग मालकांच्या पुतण्यानं तयार रिंगांची गोठवलेली पाकिटं आणली आणि मला घरी बसवलं. मला म्हणाला, "पाकीट काय, कुणीही फोडतं, काका." आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा पोरगा. आता गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, तेव्हा म्हाताऱ्याला माझी आठवण झाली. पुतण्यादेखत माघार घ्यायची नव्हती, म्हणून घरी येऊन चाखणार होते. चव जमली तर सोमवारपासून माझी जागा मला परत. दुसरीकडे या वयात मला कोण घेतं?

सकाळी बायकोनं विचारलं, "पापुद्रे काढून देऊ?"

हा तिचा जुना चाळा. कांद्याच्या प्रत्येक चकतीला आतून एक पातळ, ओला पापुद्रा असतो. रोज सकाळी ती टेबलाशी बसून नखानं तो सोडवायची आणि मी डबा भरून बारमध्ये न्यायचो. कांदे घरून का आणतोस असं कुणी विचारलं, की तिथे जागा नाही म्हणून सांगायचो.

"नको," मी म्हणालो. "तेवढ्यानं काय अडतंय? उगाच मध्ये लुडबुडू नकोस."

ती हात पुसून बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

मालक बिअरच्या दोन गार बाटल्या घेऊन आले आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. मी मैद्यात कॉर्नफ्लोअर, मीठ, तिखट घातलं. बिअर अगदी शेवटी ओतली, फेस मरू नये म्हणून फार ढवळलं नाही. चकत्या कोरड्या पिठात घोळवल्या, मग ओल्या पिठात बुडवल्या. तेल बरोबर तापलं होतं. रिंगा अशा फुलल्या, की माझा ऊर भरून आला.

मालकांनी एक उचलून चावली. आतला कांदा सुतळीसारखा अख्खा बाहेर आला आणि कुरकुरीत कवच रिकामं त्यांच्या बोटांत राहिलं. दुसरीचं तेच. तिसरी त्यांनी घेतली नाही.

"हात गेला रे तुझा," ते म्हणाले. हळू आवाजात म्हणाले, तेच जास्त लागलं.

बायको दारात उभी होती. माझ्याकडे न बघता आत आली, उरलेल्या चकत्या पुढ्यात ओढल्या, एकीतून नखानं पापुद्रा काढला आणि मालकांना दाखवला.

"हा राहिला," ती म्हणाली.

दहा चकत्या साफ करून तिनंच त्या माझ्या पिठात बुडवून तळल्या. मालकांनी सहा खाल्ल्या. प्रत्येक घासाला कांदा आणि कवच एकदम तुटत होतं.

"वहिनी, हे पापुद्रे इतकी वर्षं कोण काढत होतं?"

तिनं गॅस बारीक केला आणि माझ्याकडे पाहिलं. उत्तर मला द्यायचं होतं. 'ही' एवढंच म्हणायचं होतं. तसं म्हटलं असतं तर कदाचित आम्हा दोघांनाही बोलावलं असतं. पण माझी जीभ जळो.

"ते काय, कुणीही काढतं," मी म्हणालो.

"मग तू का नाही काढलेस?" मालकांनी विचारलं.

मी बोटांकडे पाहिलं. एकवीस वर्षं तेलाचे चटके खाऊन ती जाड झाली आहेत. सकाळी काढायचे म्हटले असते, तरी मला ते जमले नसते.

मालक तिच्याकडे वळले. "सोमवारपासून याल?"

"येईन," ती म्हणाली. मला विचारलं नाही.

आता ती सकाळी दहाला जाते. पुतण्या तिला काकू म्हणतो आणि पाकिटं बंद झाली आहेत. काल ती आल्यावर मी लाज सोडून विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलणं झालं का?"

"विचारलं मी. पीठ कालवायला माणूस हवा का म्हणून."

"मग?"

ती साबणानं हात धूत होती. तेलाचा वास लवकर जात नाही.

"म्हणाले, ते काय, कुणीही कालवतं."

मालक खरंच तसं म्हणाले की हे हिचेच शब्द, ते मी विचारलं नाही.