माणदेशात मागे राहिलेला तंबोरा

मित्रांनो, माझं पोट म्हणजे एक मोठा कडू भोपळा. मिरजेच्या एका गल्लीत, पत्र्यावर, तो दोन उन्हाळे वाळत पडला होता. मग कारागिरांनी तो कापला, आतून साफ केला, त्याला लाकडाची लांब दांडी जोडली आणि चार तारा ओढल्या. तारा टेकतात त्या घोडीवर सुताचे धागे सरकवता सरकवता ते एकदाचे नेमक्या जागी आले आणि मी घुमलो. त्या दिवशी मी तंबोरा झालो. आता मी जुना झालो आहे, म्हणून माझी आणि जिच्यासाठी मला घडवलं त्या मुलीची गोष्ट सांगतो.

मला घडवून घेतलं लीलाबाई मगदूम यांनी. मिरजेत त्यांचा गाण्याचा वर्ग होता. साताऱ्याच्या एका शालेय स्पर्धेत त्यांनी आम्रपाली नावाची मुलगी ऐकली आणि तिला शिकवायला आपल्या घरी आणलं. आम्रपाली माण तालुक्यातली, दहिवडीजवळच्या एका वस्तीवरची. तिचे वडील मुंबईत बांधकामावर होते, तिथेच उंचावरून पडून वारले. आई अंजना शेळ्या राखायची. आम्रपाली गाण्याची मोठी परीक्षा उत्तीर्ण झाली तेव्हा लीलाबाईंनी मला तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "हा आता तुझा. याला रोज हात लाव."

तिने रोज हात लावला. माझी ती चार वर्षं फार सुखाची होती.

त्याच वर्गात क्लेअर नावाची एक फ्रेंच बाई गाणं शिकायला आली आणि दोन वर्षं राहिली. आम्रपाली तिला सरगम घोटून द्यायची, क्लेअर आम्रपालीला फ्रेंच शिकवायची. ती भाषा आम्रपालीच्या तोंडात अशी बसली की क्लेअरही चकित झाली. तिने आम्रपालीला फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या संगीत विद्यालयात जागा मिळवून दिली. मलाही न्यायचं ठरलं होतं, पण विमानात भोपळा फुटेल अशी सगळ्यांनी भीती घातली. तिकडे बटण दाबलं की तंबोरा वाजवणारी पेटी मिळते, असं क्लेअर म्हणाली. म्हणून आम्रपालीने मला वाकळेत गुंडाळून आईच्या घरी आणलं.

"आई, याला जप. मी परत आले की न्हेईन."

"व्हय गं. तुज्यागतच जपीन," अंजनाबाई म्हणाली.

तिला सूर लावता येत नव्हता. पण दर रविवारी ती मला वाकळेतून काढायची, ओल्या फडक्याने नाही, सुक्याच फडक्याने पुसायची, चारही तारांवरून एकदा बोट फिरवायची आणि परत झाकायची. मी बेसूर वाजायचो. तरी ती मान डोलवायची.

तिकडे आम्रपालीचं नाव होत गेलं. आधी लहान लहान हॉटेलांत, मग रेडिओवर, मग ल्यों, ब्रसेल्स, जिनिव्हा इथल्या मोठ्या सभागृहांत ती गायची. शब्द फ्रेंच आणि मध्येच आमच्या मिरजेचा आलाप. तिचा चुलतभाऊ मिलिंद दहिवडीच्या शाळेत शिक्षक होता. तो फोनवर तिची गाणी आणून काकूला दाखवायचा. पडद्यावर तिच्या शेजारी ती छोटी पेटी दिसायची. मला त्या पेटीचा राग यायचा.

मग एक गाणं आलं आणि त्याने तिला सगळीकडे पोहोचवलं. तिकडची पोरंही ते रस्त्यावर गुणगुणायची म्हणे. मिलिंदने ते दोनदा ऐकलं, खाली येणारे इंग्रजी शब्द वाचले आणि त्याचा चेहरा उतरला.

"काकू, ह्या गाण्यात आई मेलीय. दुष्काळात पानी आनायला गेली आन् वाटंत मेली. पोर पाच वर्षांची. आन् मुलाखतीत आपली आमू सांगतीय की ही तिचीच गोष्ट हाय."

अंजनाबाई शेळीचं दूध काढत होती. तिने हात थांबवले नाहीत. संध्याकाळी आम्रपालीचा फोन आला तेव्हा मात्र तिने सरळ विचारलं. पलीकडून बराच वेळ रडण्याचा आवाज येत राहिला.

"गाण्याच्या कंपनीवाल्यांनी लिहिलं, आई. लोकांना तशी गोष्ट लागते म्हणाले. मी व्हय म्हणून बसले. आता मागं घेता येत नाही."

"गानं चांगलं हाय का?"

"लोक रडतात."

"मग असू दे. मी हाय न्हवं जित्ती? मला म्हाईत हाय तेवढं बास."

त्यानंतर आम्रपाली गावाला येईनाशी झाली. कुणी मागावर येईल, फोटो काढील, अशी धास्ती तिला वाटायची. ती फोन करायची. पण फोनवर सूर लावून दाखवता येत नाही, आणि आईच्या गुडघ्यांवरची सूजही दिसत नाही.

चार वर्षांनी एक फ्रेंच पत्रकार बाई लोणंदवरून गाडी करून थेट वस्तीवर आली. गायिकेचं गाव तिला बघायचं होतं. मिलिंद दुभाष्या म्हणून बसला. बाईने इंग्रजीत विचारलं, या घरात कोण राहतं? मिलिंद घुटमळला.

"काकू, खरं सांगू का हिला?"

"सांग, मी चुलती हाय तिची. आई कवाच मेली."

"काकू, मी न्हाई असलं सांगणार."

"मिलिंद, माज्या लेकराचं अन्न हाय त्यात. सांग गप."

त्याने सांगितलं. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. बाई हळहळली. तिने विचारलं, आई जिथे मेली ती जागा दाखवाल का? अंजनाबाई उठली, चप्पल घातली आणि तिला ओढ्याकडे घेऊन गेली. परत आल्यावर तिने चहा केला. बाईने मला पाहिलं आणि फोटो मागितला. अंजनाबाईने मला मांडीवर घेतलं. दर रविवारसारखं तिने चारही तारांवरून एकदा बोट फिरवलं.

तो फोटो तिकडे छापून आला. खाली लिहिलं होतं, गायिकेची चुलती, तिच्या तंबोऱ्यासह.

आम्रपालीने लगेच फोन केला. "आई, तू असं का बोललीस?"

"मग काय सांगू? माजी लेक लबाड हाय म्हनू?"

"मी येते. येत्या दिवाळीला येते."

ती आली नाही. त्या दिवाळीला तिचे कार्यक्रम लागले, पुढच्यालाही. अंजनाबाईला आता फार वेळ उभं राहवत नव्हतं. रविवार चुकू लागले. माणदेशच्या कोरड्या उन्हात माझ्या भोपळ्याला बारीक चीर गेली, आणि कुणाच्या लक्षात आली नाही.

चैत्रात, भर दुपारी, अंजनाबाई शेळ्यांना पाणी पाजताना गोठ्यात कोसळली. मिलिंदने तिला जीपमध्ये घातलं, पण दहिवडी यायच्या आधीच ती गेली. त्याने आम्रपालीला कळवलं. तिचा त्या संध्याकाळी ब्रसेल्सला कार्यक्रम होता. सभागृह भरलं होतं, आणि रद्द करायला तिच्याजवळ कारण नव्हतं. तिची आई तर सगळ्यांच्या लेखी तीस वर्षांपूर्वीच मेली होती.

तिसऱ्या दिवशी ती वस्तीवर पोहोचली. सगळं उरकलं होतं. ती उंबऱ्याजवळ बसून राहिली.

"मी गायले, मिलिंद. तेच गाणं गायले. लोक उठून उभे राहिले."

मिलिंदने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

मग तिने मला वाकळेतून काढलं. दोन तारा तुटल्या होत्या. तिने खुंटी पिळली, ती फिरेना. तिने उरलेल्या दोन तारांपैकी एक छेडली. मित्रांनो, तिला फक्त एक सा हवा होता, आणि तो मला देता आला नाही. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तिने मला हलकेच भिंतीला टेकवलं, फोन काढला आणि त्या पत्रकार बाईशी फ्रेंचमध्ये बोलली. थोडंच बोलली.

"काय सांगितलंस?" मिलिंदने विचारलं.

"तुम्ही फोटो काढलात ती माझी आई होती. ती परवा गेली."

"आन् आता?"

"आता काय व्हायचं ते होऊ दे."

झालंही. बाईने ते छापलं, कंपनीने हात वर केले, कार्यक्रम रद्द झाले. आईला विकून खाल्लं, असं लोकांनी लिहिलं. आम्रपाली ते सगळं वाचायची आणि कुणालाच उत्तर द्यायची नाही. "त्यांनी खोटं काय लिहिलंय?" ती म्हणायची.

हल्ली ती मिरजेत असते. लीलाबाई थकल्या आहेत, त्यांचा वर्ग ती चालवते. मुलांना ती शिकवते, पण स्वतः मोकळं गात नाही. मला तिने दुरुस्तीला नेलं तेव्हा कारागिराने चीर बुजवली, तारा घातल्या आणि स्पष्ट सांगितलं, "बाई, वाजंल, पन पयला आवाज न्हाई यायचा." आला नाहीच. अगदी खालच्या सुराला, खर्जाला, मी अजून चिरकतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वाद्याला फार काही लागत नाही. कोरडं फडकं आणि रोजचा हात एवढं पुरतं. ते वेळेवर मिळालं नाही, तर पुढे कितीही मोठा कारागीर आणा, उपयोग होत नाही. आणि तुमच्या घरी कुणी फोनवर "मी बरी हाय, तू न्हाई आलीस तरी काय अडत न्हाई" असं सांगत असेल, तर ते खरं मानू नका. पुढच्या सणाची वाट न बघता निघा, आणि ते माणूस दार उघडायला उठू शकतं तोवर पोहोचा.